चाच्यांना आवाज देणारा नट

दरवर्षी १९ सप्टेंबरला इंग्रजी भाषक जगात एक गमतीदार दिवस पाळला जातो. दिवसभर समुद्री चाच्यांसारखे बोलायचे, एवढाच त्याचा नियम. जॉन बाउर आणि मार्क समर्स या दोन अमेरिकी मित्रांनी १९९५ मध्ये थट्टेथट्टेत सुरू केलेला हा प्रकार, विनोदी स्तंभलेखक डेव्ह बॅरी यांनी २००२ मध्ये आपल्या स्तंभात त्याची दखल घेतल्यानंतर सर्वदूर पोहोचला. त्या दिवशी माणसे एक डोळा मिटतात, आवाज घोगरा करतात आणि घशातून ‘आर्र’ असा लांबलचक उद्गार काढतात. अठराव्या शतकातील चाचे असेच बोलत असत, अशी बहुतेकांची समजूत असते. वास्तविक हा आवाज इतिहासाच्या कोणत्याही दप्तरातून आलेला नाही. तो एका इंग्रज नटाचा आवाज आहे आणि जगाने तो प्रथम ऐकला तो १९५० मध्ये.

त्या नटाचे नाव रॉबर्ट न्यूटन. ‘ट्रेझर आयलंड’ या वॉल्ट डिस्नेच्या चित्रपटात त्याने लाँग जॉन सिल्व्हर हा एका पायाचा चाचा रंगविला आणि त्यानंतर पडद्यावरच्या प्रत्येक चाच्याला त्याच्याच सावलीत उभे राहावे लागले. भूमिका अजरामर झाली. नट मात्र त्यानंतर जेमतेम सहा वर्षे जगला. मृत्यू आला तेव्हा त्याने वयाची ५१ वर्षेही पूर्ण केली नव्हती. त्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आज त्याचे नाव ठाऊक असेल.

चित्रकाराचा मुलगा

रॉबर्ट न्यूटनचा जन्म १ जून १९०५ रोजी इंग्लंडच्या नैऋत्येकडील डॉर्सेट परगण्यात, शाफ्ट्सबरी या टेकडीवरच्या गावी झाला. घराणे रंगांत न्हालेले. चित्रकलेच्या साहित्यासाठी जगभर नावाजलेल्या ‘विन्सर अँड न्यूटन’ या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेले हेन्री न्यूटन हे त्याच्या वडिलांचे आजोबा. वडील अल्जर्नन न्यूटन स्वतः निसर्गचित्रकार होते. लंडनच्या कालव्यांची, निर्मनुष्य रस्त्यांची आणि संध्याप्रकाशात स्तब्ध उभ्या असलेल्या घरांची त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. पुढे रॉयल अकादमीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. आई लेखिका होती.

रॉबर्टचे बालपणीचे काही शिक्षण कॉर्नवॉलमधील लॅमोर्ना या समुद्रकाठच्या खेड्यात झाले. पेन्झन्सजवळचे हे खेडे त्या काळी चित्रकारांची वसाहत म्हणून ओळखले जाई. ग्रॅनाइटचे कडे, लहानशी खाडी, मासेमारीच्या होड्या आणि रंगपेट्या घेऊन हिंडणारे कलावंत, असे तिथले वातावरण होते. कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला चोरट्या मालाची ने-आण करणाऱ्यांच्या आणि फुटलेली जहाजे लुटणाऱ्यांच्या दंतकथांचा मोठा वारसा आहे. त्या मातीतील कोळी आणि शेतकरी जी इंग्रजी बोलत, ती लंडनच्या सुशिक्षितांच्या इंग्रजीहून अगदी निराळी. प्रमाण इंग्रजीत स्वरामागून येणारा ‘र’ जवळजवळ गिळला जातो; नैऋत्येकडील बोलीत तोच ‘र’ जीभ वळवून, ठासून, लांबवून उच्चारला जातो. हा ‘र’ लहानग्या रॉबर्टच्या कानात बसला. तीसेक वर्षांनी तोच त्याची ओळख ठरणार होता.

शिक्षणाच्या वाटेवर तो फार काळ रमला नाही. न्यूबरी येथील शाळेनंतर पंधरा-सोळाव्या वर्षीच तो सर बॅरी जॅक्सन यांच्या बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटरमध्ये दाखल झाला. त्या काळच्या रेपर्टरी नाटक मंडळ्या म्हणजे नटांच्या तालमीचे आखाडेच होते. पडद्यामागची हमाली करायची, सामान लावायचे, निरोप्याच्या दोन ओळी बोलायच्या आणि हळूहळू मोठ्या भूमिकांपर्यंत पोहोचायचे, हा तिथला शिरस्ता. न्यूटन या वाटेने वर चढला. नोएल कॉवर्ड यांच्या १९२९ च्या ‘बिटर स्वीट’ या संगीतिकेत तो होता. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर कॉवर्ड यांचेच ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’ चालू असताना लॉरेन्स ऑलिव्हिएने सोडलेली भूमिका त्याच्याकडे आली. पुढे लंडनच्या फुलहॅम भागात त्याने ‘शिलिंग थिएटर’ नावाने एक नाट्यगृहही चालविले. सामान्य माणसाला स्वस्तात चांगले नाटक दाखवावे, ही त्यामागची कल्पना. १९३७ मध्ये ओल्ड व्हिकच्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑलिव्हिए हॅम्लेट होता आणि त्याचा जिवलग मित्र होरेशिओ होता रॉबर्ट न्यूटन.

रुपेरी पडदा आणि युद्धाचा समुद्र

अलेक्झांडर कोर्डा यांनी १९३६ मध्ये लंडनजवळ डेनहॅम येथे भव्य स्टुडिओ उभारला आणि ब्रिटिश चित्रपटांना हॉलिवूडशी टक्कर देण्याची स्वप्ने पडू लागली. न्यूटन याच काळात चित्रपटांकडे वळला. ‘फायर ओव्हर इंग्लंड’ (१९३७) मध्ये तो होता. चार्ल्स लॉटन यांच्याबरोबर त्याने ‘व्हेसल ऑफ राथ’ (१९३८) केला. सॉमरसेट मॉम यांच्या कथेवरील या चित्रपटात लॉटन यांनी एका बेटावर दारूच्या नशेत दिवस काढणाऱ्या उडाणटप्पूची भूमिका केली होती. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘जमैका इन’ मध्ये न्यूटन नायक म्हणून झळकला. कथा कॉर्नवॉलची, जहाजे फोडून लुटणाऱ्या टोळीची. आणि नायक त्या टोळीत शिरलेला सरकारी माणूस. आज तो चित्रपट पाहताना तरुण, सडपातळ, देखण्या न्यूटनला ओळखणेही कठीण जाते.

बर्नार्ड शॉ यांच्या नाटकावरील ‘मेजर बार्बरा’ (१९४१) मध्ये त्याने बिल वॉकर हा दांडगट रंगविला आणि त्याच्या अभिनयातील आडदांड ताकद प्रेक्षकांना जाणवली. त्याचे वटारलेले, गरगर फिरणारे डोळे, पुढे काढलेला ओठ आणि क्षणात गुरगुरणारा, क्षणात मधाळ होणारा आवाज ही वैशिष्ट्ये त्या वेळीच ठळक होऊ लागली होती.

मग युद्ध आले. न्यूटन ब्रिटिश आरमारात साधा खलाशी म्हणून भरती झाला. ‘ब्रिटोमार्ट’ या सुरुंग शोधणाऱ्या युद्धनौकेवर त्याची नेमणूक झाली. ही नौका रशियाला रसद नेणाऱ्या जहाजांच्या तांड्यांना संरक्षण देत असे. ध्रुवीय समुद्रातील ती वाट दुसऱ्या महायुद्धातील सर्वांत खडतर वाटांपैकी एक मानली जाते. डेकवर गोठणारे पाणी, वरून जर्मन विमाने आणि खालून पाणबुड्या, अशा स्थितीत तिथले खलाशी दिवस काढीत. १९४३ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून त्याला सेवेतून मुक्त करण्यात आले. पुढच्याच वर्षी, २७ ऑगस्ट १९४४ रोजी, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ब्रिटनच्याच विमानांनी चुकून केलेल्या हल्ल्यात ‘ब्रिटोमार्ट’ बुडाली. पडद्यावर समुद्राचा खेळ करणाऱ्या नटांपैकी फार थोड्यांनी समुद्राचे हे रूप पाहिले असेल.

युद्धावरून परतल्यानंतरची पाच वर्षे न्यूटनच्या कारकिर्दीचा बहर होता. डेव्हिड लीन यांच्या ‘धिस हॅपी ब्रीड’ (१९४४) मध्ये त्याने दोन महायुद्धांच्या दरम्यान लंडनच्या उपनगरात संसार करणारा फ्रँक गिबन्स हा मध्यमवर्गीय गृहस्थ साकारला. आरडाओरडा नाही, डोळे वटारणे नाही. खुर्चीत बसून पाइप ओढणारा, मुलांची काळजी वाहणारा एक साधा बाप. न्यूटनला संयम जमत नाही, असे म्हणणाऱ्यांना हा चित्रपट हे चोख उत्तर आहे. त्याच वर्षी ऑलिव्हिएच्या ‘हेन्री द फिफ्थ’ मध्ये तो पिस्टल हा बढाईखोर शिपाई झाला. कॅरल रीड यांच्या ‘ऑड मॅन आउट’ (१९४७) मध्ये त्याने एका पिसाट चित्रकाराची भूमिका केली. मरणोन्मुख माणसाच्या डोळ्यांतील भाव कॅनव्हासवर उतरविण्यासाठी धडपडणारा हा चित्रकार काहींना अतिरंजित वाटला, काहींना विलक्षण. आणि १९४८ मध्ये लीन यांच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ मधला त्याचा बिल साइक्स पाहून प्रेक्षक हादरले. नॅन्सीचा खून केल्यानंतर त्या क्रूरकर्म्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत जाणारी भीती हा इंग्रजी चित्रपटांतील अविस्मरणीय अभिनयाचा नमुना आहे.

याच काळात आणखी एक गोष्ट वाढत होती. ती म्हणजे त्याचे मद्यपान. सुरुवातीला ते रंगभूमीवरच्या मित्रमंडळींतील किस्स्यांपुरते होते. हळूहळू चित्रीकरणाची वेळापत्रके त्याच्या तब्येतीवर ठरू लागली. निर्माते त्याला घेताना दहादा विचार करीत आणि तरीही घेत. कारण कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की त्याच्यावरून नजर हटत नसे.

अडकलेल्या पौंडांतून निघालेला खजिना

‘ट्रेझर आयलंड’च्या निर्मितीमागे साहसापेक्षा हिशेबाचा भाग अधिक होता. युद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची तीव्र चणचण होती आणि हॉलिवूडचे चित्रपट तर तिथे गर्दी खेचत होते. तिकिटांचा पैसा डॉलरच्या रूपाने देशाबाहेर जाऊ नये, म्हणून ऑगस्ट १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने परदेशी चित्रपटांच्या कमाईवर ७५ टक्के कर लावला. हॉलिवूडने उलट नवे चित्रपट पाठविणेच थांबविले. अखेर मार्च १९४८ मध्ये तडजोड झाली. अमेरिकी कंपन्यांनी वर्षाला १ कोटी ७० लाख डॉलर ही मूळ मर्यादा पाळून पैसा मायदेशी न्यावा आणि उरलेला ब्रिटनमध्येच खर्च करावा, असा त्या कराराचा गाभा होता.

डिस्ने आणि त्यांचे वितरक आरकेओ यांचे पौंड असे ब्रिटनमध्ये अडकून पडले. डिस्नेची ख्याती व्यंगपटांची. पण ते करायचे तर प्रशिक्षित चित्रकारांची अख्खी फौज इंग्लंडात उभी करावी लागली असती. त्यापेक्षा जिवंत नटांना घेऊन इंग्लंडातच चित्रपट काढणे सोपे होते. अशा रीतीने चित्रांचा एकही हलता तुकडा नसलेला डिस्नेचा पहिला संपूर्ण कथापट आकाराला आला. विषयासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची ‘ट्रेझर आयलंड’ १८८१-८२ मध्ये एका मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली होती आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली होती. खजिन्याचा नकाशा, ‘हिस्पॅनिओला’ हे जहाज, जिम हॉकिन्स हा पोरसवदा नायक आणि स्वयंपाकी म्हणून जहाजावर शिरलेला लाँग जॉन सिल्व्हर ही मंडळी जगभरच्या मुलांच्या ओळखीची होती. हा सिल्व्हर रंगविताना स्टीव्हन्सन यांच्या डोळ्यांसमोर त्यांचे मित्र, कवी विल्यम अर्नेस्ट हेन्ली होते. हाडांच्या क्षयामुळे एक पाय गमावूनही हेन्ली आपल्या दणदणीत व्यक्तिमत्त्वाने सभोवतालच्यांना भारून टाकीत.

दिग्दर्शनाची सूत्रे बायरन हॅस्किन यांच्याकडे आली. विशेष दृश्यपरिणामांच्या कामात मुरलेला हा माणूस पुढे ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ मुळे प्रसिद्ध झाला. छायाचित्रण फ्रेडी यंग यांचे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आणि ‘डॉक्टर झिवागो’ यांमुळे त्यांना ऑस्कर मिळायचे होते ते पुढच्या काळात. १९४९ च्या उन्हाळ्यात डेनहॅम स्टुडिओत आणि कॉर्नवॉलमधील फाल व हेलफर्ड या नद्यांच्या परिसरात चित्रीकरण झाले. म्हणजे कथेतील उष्ण कटिबंधातले बेट प्रत्यक्षात न्यूटनच्या बालपणीच्या मुलखात उभे राहिले. ‘हिस्पॅनिओला’साठी १८८७ मध्ये बांधलेले ‘रायलँड्स’ हे जुने शिडाचे जहाज सजविण्यात आले. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘मोबी डिक’ (१९५६) मध्ये पुन्हा कॅमेऱ्यासमोर आले तेही हेच जहाज. जे प्रत्यक्ष बांधणे शक्य नव्हते, ते पीटर एलेनशॉ या तरुण चित्रकाराने काचेवर रंगविले. काचेचा काही भाग मोकळा ठेवून त्यातून खरे नट दिसायचे आणि उरलेले बंदर, आकाश, डोंगर हे सारे कुंचल्याचे. एलेनशॉ पुढे डिस्नेबरोबर अमेरिकेला गेले आणि ‘मेरी पॉपिन्स’साठी त्यांना ऑस्कर मिळाले.

चित्रीकरण सुखासुखी पार पडले नाही. जिमच्या भूमिकेसाठी डिस्नेने बॉबी ड्रिस्कॉल हा आपला लाडका बालनट अमेरिकेतून आणला होता. पण तो बारा वर्षांचा होता आणि ब्रिटिश कायद्यानुसार त्या वयाच्या परदेशी मुलाला काम करण्याचा परवाना मिळू शकत नव्हता. प्रकरण न्यायालयात गेले आणि दंड झाला. अपिलासाठी मिळालेल्या मुदतीत हॅस्किन यांनी घाईघाईने बॉबीची जवळून घ्यायची दृश्ये उरकून घेतली. लांबून दिसणाऱ्या दृश्यांत त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा करण्यात आला. पडद्यावर या धावपळीचा मागमूसही दिसत नाही.

एक पाय, एक पोपट आणि एक ‘र’

लाँग जॉन सिल्व्हर स्टीव्हन्सनच्या कादंबरीत ब्रिस्टल बंदरात खाणावळ चालवतो. ब्रिस्टल हे इंग्लंडच्या पश्चिमेकडील बंदर. तेव्हा त्याची बोलीही पश्चिमेकडची असणार, हा न्यूटनचा तर्क साधा होता. पण त्याने केवळ बोली उचलली नाही. लहानपणी ऐकलेला तो ठासून म्हटलेला ‘र’ त्याने ताणला, फुगविला, त्याला गाण्यासारखी चाल दिली. होकार द्यायचा असो, धमकी द्यायची असो वा विचार करायला क्षणभर उसंत हवी असो, त्याच्या घशातून तो उद्गार निघे आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा असे. असा उद्गार त्याआधीच्या चित्रपटांत अगदीच नव्हता असे नाही. १९३४ च्या अमेरिकी ‘ट्रेझर आयलंड’ मध्ये लायनेल बॅरिमोर यांनीही तो काढला होता. परंतु त्याला चाच्यांची भाषा बनविले ते न्यूटनने.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर चाच्यांची एकच एक बोली असणे शक्यच नव्हते. त्यांच्या जहाजांवर इंग्रज, आयरिश, फ्रेंच, डच, आफ्रिकी असे नाना देशांचे लोक असत. तरीही पश्चिम इंग्लंडच्या बंदरांनी शतकानुशतके आरमाराला आणि व्यापारी गलबतांना खलाशी पुरविले, हे खरे. त्यामुळे न्यूटनची अतिशयोक्ती निराधार नव्हती आणि म्हणूनच ती लोकांना पटली. त्याआधी एरॉल फ्लिनसारखे नायक पडद्यावर चाचे झाले होते. पण ते बोलत सभ्य गृहस्थांसारखे.

न्यूटनचा सिल्व्हर केवळ आवाजावर उभा नाही. काखेत कुबडी, खांद्यावर पोपट, चेहऱ्यावर लाघवी हसू; आणि त्या हसण्याच्या आड सतत चाललेला हिशेब. जिमवर त्याचा खरोखर जीव आहे, हेही खरे आणि गरज पडली तर तो त्या मुलाला विकायला कमी करणार नाही, हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटायला लावणे हे न्यूटनचे कसब. चित्रपटात एकही स्त्री-पात्र नाही. सारी भावनिक ओढ बाप नसलेला मुलगा आणि बापासारखा वागणारा बदमाश या दोघांतच आहे. शेवटी होडीतून पळू पाहणारा सिल्व्हर जिमवर पिस्तूल रोखतो, पण चाप ओढू शकत नाही. आणि वाळूत रुतलेली त्याची होडी पाण्यात ढकलायला जिमच हात लावतो. कादंबरीतला सिल्व्हर एका बंदरात गुपचूप निसटतो. चित्रपटाने ही सुटका त्या मुलाच्या हातून घडविली आणि न्यूटनच्या चेहऱ्यावरील भावांनी तिला अर्थ दिला.

चित्रपट १९५० च्या जूनमध्ये लंडनला आणि जुलैमध्ये अमेरिकेत झळकला. प्रतिसाद उत्तम होता. या यशावर विसंबून डिस्नेने ब्रिटनमध्ये ‘रॉबिन हूड’ (१९५२), ‘द सोर्ड अँड द रोझ’ (१९५३) आणि ‘रॉब रॉय’ (१९५३) हे आणखी तीन साहसपट काढले.

भूमिकेचा कैदी

सिल्व्हरनंतर न्यूटनला काय मिळाले, हा त्याच्या आयुष्यातील कळीचा प्रश्न. १९५१ च्या ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ मध्ये त्याने रग्बी शाळेचे मुख्याध्यापक डॉ. थॉमस अर्नल्ड यांची शांत, करारी भूमिका केली. गंमत म्हणजे त्यातील टॉम झालेला जॉन हॉवर्ड डेव्हिस हा मुलगा तीन वर्षांपूर्वी त्याच्याच बिल साइक्सच्या धाकाने थरथरणारा ऑलिव्हर होता. १९५२ च्या ‘ले मिझराब्ल’ मध्ये तो इन्स्पेक्टर जाव्हेर झाला. या भूमिका पाहिल्या की त्याच्या भात्यात आणखी किती बाण होते, हे कळते.

पण निर्मात्यांना हवा होता तो ‘आर्र’. १९५२ मध्येच राउल वॉल्श यांच्या ‘ब्लॅकबिअर्ड द पायरेट’ मध्ये त्याने १७१८ मध्ये मारल्या गेलेल्या एडवर्ड टीच या खऱ्याखुऱ्या चाच्याचे सोंग आणले. सिल्व्हरचेच सारे हातखंडे, फक्त दुप्पट. जे ‘ट्रेझर आयलंड’ मध्ये पात्रातून उमलले होते, ते इथे नुसते वरून चढविलेले वाटते. १९५४ मध्ये हॅस्किन यांच्याबरोबरच तो ऑस्ट्रेलियाला गेला. सिडनीतील पेजवूड स्टुडिओत ‘लाँग जॉन सिल्व्हर’ हा चित्रपट आणि पाठोपाठ त्याच पात्रावर २६ भागांची दूरचित्रवाणी मालिका तयार झाली. मालिका रंगीत होती आणि त्या काळात ते अप्रूपच. परंतु आठवड्यामागून आठवडे तीच कुबडी, तोच पोपट, तेच वटारलेले डोळे. प्रेक्षकांना मजा आली. नटाला नवे काही करायला उरले नव्हते.

त्याच सुमारास त्याने ‘द बीचकोंबर’ हा चित्रपट केला. ‘व्हेसल ऑफ राथ’चीच ती नवी आवृत्ती. सोळा वर्षांपूर्वी लॉटन यांनी केलेली, दारूत बुडालेल्या उडाणटप्पूची भूमिका आता न्यूटनच्या वाट्याला आली. कथेतील तो माणूस एका खंबीर स्त्रीच्या सहवासात दारू सोडून सुधारतो. न्यूटनच्या स्वतःच्या आयुष्यात तसे घडले नाही.

खासगी आयुष्याची घडी तर कधीच नीट बसली नव्हती. त्याने चार विवाह केले. त्यांतील पहिले तीन मोडले. तिसऱ्या विवाहातून झालेल्या मुलाचा ताबा कोणाकडे असावा, हा वाद १९५१ मध्ये न्यायालयात गेला आणि न्यायालयाने ते मूल आईवडिलांपैकी कोणाकडेही न देता नातेवाइकांकडे सोपविले. पडद्यावर पोरक्या जिमचा मानलेला बाप होऊन लाखो मुलांना आपलेसे करणाऱ्या माणसाच्या पदरी हा निकाल पडला, तेव्हा ‘ट्रेझर आयलंड’ प्रदर्शित होऊन फार दिवस लोटले नव्हते.

अखेरचा चित्रपट मात्र साजेसा मिळाला. निर्माते माइक टॉड यांच्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ मध्ये त्याने इन्स्पेक्टर फिक्सची भूमिका केली. ज्यूल व्हर्नच्या वाचकांना हा फिक्स आठवत असेल. फिलिआस फॉग हाच बँक लुटणारा चोर, अशी खूणगाठ बांधून तो सुएझपासून त्याचा पाठलाग सुरू करतो आणि अटकेचा हुकूम हाती पडेल या आशेने मुंबई बंदरात उतरतो. हुकूम काही वेळेवर येत नाही आणि बिचाऱ्याला अर्धे जग पालथे घालावे लागते. न्यूटनने हा संशयी, कटकट्या, पण मनाने वाईट नसलेला पोलीस मिस्कीलपणे रंगविला. या चित्रपटातील सहकलाकार डेव्हिड निव्हन यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, चित्रीकरण संपेपर्यंत दारूला स्पर्श करणार नाही, असे वचन न्यूटनने टॉड यांना दिले होते आणि ते पाळलेही. कारण यापुढचे मद्यपान जिवावर बेतेल, असा इशारा त्याला डॉक्टरांकडून मिळालेला होता. काम संपले आणि वचनाची मुदतही संपली.

२५ मार्च १९५६ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे हृदयविकाराच्या झटक्याने रॉबर्ट न्यूटनचे निधन झाले. अनेक वर्षांच्या मद्यपानाने शरीर आतून पोखरले होते. ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ त्यानंतर सुमारे सात महिन्यांनी प्रदर्शित झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाली. ते यश पाहायला तो नव्हता. त्याचे वडील अल्जर्नन यांना मात्र मुलाच्या पश्चात आणखी बारा वर्षांचे आयुष्य लाभले.

मागे उरले ते

‘ट्रेझर आयलंड’च्या दुसऱ्या नायकाची कहाणीही याहून सुखाची नाही. बॉबी ड्रिस्कॉलला १९५० मध्येच उत्कृष्ट बालकलाकार म्हणून विशेष ऑस्कर मिळाले. डिस्नेच्या ‘पीटर पॅन’ला (१९५३) त्याने आवाज दिला. वयात येताच मात्र स्टुडिओची दारे बंद झाली आणि तो अमली पदार्थांच्या आहारी गेला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमधील एका ओस पडलेल्या इमारतीत त्याचा मृतदेह सापडला. वय ३१. ओळख न पटल्याने त्याचे दफन बेवारस म्हणून झाले. पडद्यावर ती होडी ढकलून देणारा मुलगा आणि तिच्यातून निघून जाणारा चाचा, दोघांनाही व्यसनानेच गाठले. मुलांच्या आनंदासाठी केलेला चित्रपट आज पाहताना मोठ्यांच्या मनाला ही सल लागल्याशिवाय राहत नाही.

तरीही रॉबर्ट न्यूटनची आठवण केवळ दारूने संपलेला नट म्हणून ठेवणे त्याच्यावर अन्यायाचे ठरेल. फ्रँक गिबन्सचा समंजसपणा, बिल साइक्सची दहशत, डॉ. अर्नल्ड यांचा करारीपणा ही सारी एकाच माणसाची रूपे आहेत, हे लक्षात घेतले की त्याच्या आवाक्याची कल्पना येते. लाँग जॉन सिल्व्हरने त्याला अमरत्व दिले आणि त्याची किंमतही वसूल केली. ब्रिटनमध्ये पुढच्या पिढीतील विनोदी नट टोनी हॅनकॉक यांच्यापासून आजच्या शाळकरी मुलांपर्यंत असंख्यांनी त्याच्या सिल्व्हरची नक्कल केली. नक्कल इतकी पसरली की मूळ कोणाचे, हेच विस्मृतीत गेले. एखाद्या नटाच्या वाट्याला येणारे हे अजब भाग्य म्हणावे लागेल.

त्याच्या देहाचे दहन अमेरिकेत झाले आणि लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड येथील स्मृतिउद्यानात त्याच्या नावाची एक पाटी आहे. अस्थी मात्र तिथे राहिल्या नाहीत. न्यायालयाने ज्याला वडिलांपासून दूर ठेवले होते, त्याच मुलाने अनेक वर्षांनंतर त्या कॉर्नवॉलला नेल्या आणि लॅमोर्नाजवळच्या माउंट्स बे या उपसागरात विसर्जित केल्या. त्या किनाऱ्यावरची माणसे बोलताना आजही ‘र’ ठासून उच्चारतात.